४२९४९६७२९७ : पाया २ म्हणतो मूळ, पाया ३ म्हणतो संयुक्त

प्रश्न थोडक्यात असा आहे. ४२९४९६७२९७ ही संख्या मूळ आहे का हे पाहण्यासाठी विचारणाऱ्याने फर्मा या सतराव्या शतकातल्या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाची कसोटी लावली, पाया २ घेतला (म्हणजे २ चा घात करून बाकी पाहिली) आणि उत्तर आलं ‘मूळ असावी’. मग साध्या भागाकाराच्या प्रोग्रॅमने दाखवलं की ६४१ ने तिला पूर्ण भाग जातो. यातलं खरं काय, आणि एवढ्या मोठ्या संख्येचे गुणधर्म शोधायचे तर सुरुवात कुठून करायची?

खरं उत्तर भागाकाराचं. ६४१ × ६७००४१७ = ४२९४९६७२९७, हे कागदावर गुणून पाहता येतं. पण तुमच्या कसोटीतही आकडेमोडीची चूक नाही. पाया २ घेतला की या संख्येबाबत तेच उत्तर येणार, आणि ते का येतं हे समजलं की तिचे बाकीचे बहुतेक गुणधर्म त्याच धाग्याने हाती लागतात. म्हणून आधी तिथेच थांबू.

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. दशमान अंकांत पाहिलं तर यात काहीच उठून दिसत नाही. अंकांची बेरीज ५९, ती पुन्हा पुन्हा करत गेलं की ५, शेवटचा अंक ७. एवढ्यावरून २, ३, ५ आणि ९ ने भाग जात नाही इतकंच कळतं. अंक हे दहाच्या पायाने दिलेले कपडे आहेत. मोठी संख्या समोर आली की मी आधी ती कशापासून बनली आहे ते पाहतो. ही संख्या आहे २^३२ + १ (^ हे घाताचं चिन्ह). द्विमान पद्धतीत लिहिली तर १, मग एकतीस शून्यं, मग १. एकूण ३३ बिट. पुढे सोयीसाठी तिला ‘स’ म्हणतो.

२ चा घातांक स्वतः २ चा घात असेल आणि त्यात १ मिळवला असेल, तर त्या संख्यांना फर्माच्या संख्या म्हणतात: ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि मग आपली स. पहिल्या पाचही मूळ आहेत. फर्माने १६४० च्या सुमारास पत्रांतून असं मत मांडलं की या सगळ्याच मूळ असाव्यात. आपल्याकडे सिद्धता नाही हेही त्याने सांगितलं होतं. गोल्डबाख या गणितज्ञाने १७२९ मध्ये ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाला पत्रातून याबद्दल विचारलं, आणि १७३२ मध्ये ऑयलरने ६४१ हा अवयव काढून दाखवला.

आता तुमची कसोटी. फर्माचा छोटा सिद्धान्त सांगतो की प ही मूळ संख्या असेल आणि क ला प ने भाग जात नसेल, तर क^(प−१) ला प ने भागल्यावर बाकी १ उरते. तुम्ही क = २ घेतलात. आता पाहा: २^३२ ला स ने भागल्यावर बाकी −१ आहे (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडतो), कारण २^३२ + १ हीच तर स. वर्ग केला की २^६४ ची बाकी १. आणि कसोटीतला घातांक स − १ म्हणजे २^३२, त्याला ६४ ने सहज भाग जातो. मग १ चा कितवाही घात घ्या, १ च येणार. या सगळ्यात स मूळ आहे की नाही हा प्रश्न कुठे आलाच नाही. स कशी बांधली आहे एवढ्यावरच उत्तर ठरलं. फर्माच्या संख्यांपैकी कुठलीही घेतली तरी पाया २ हेच सांगेल.

याहून कडक समजली जाणारी मिलर-राबिन कसोटीसुद्धा पाया २ घेतला तर इथे फसते. तिच्यात वर्ग करत जाताना वाटेत कुठेतरी −१ दिसला की संख्या पास होते, आणि आपल्याकडे २, ४, १६, २५६, ६५५३६ यानंतरचा वर्ग २^३२, म्हणजे नेमका −१, समोर उभा राहतो.

मग कसोटी कुचकामी आहे का? अजिबात नाही. स पेक्षा लहान असलेल्या सगळ्या पायांपैकी किती पाये असं चुकीचं ‘मूळ’ सांगतात, ते मोजता येतं. दोन्ही मूळ अवयवांतून १ वजा करा: ६४० आणि ६७००४१६. यांचे २^३२ बरोबरचे मसावि काढा: दोन्ही वेळा १२८. गुणाकार १६३८४. म्हणजे सव्वाचार अब्जांहून जास्त पायांपैकी फक्त १६३८४ पाये फसवे आहेत, साधारण २,६२,१४४ मध्ये एक. मिलर-राबिनसाठी हीच संख्या ५४६२ वर येते. यादृच्छिक पाया घेतला असता तर फसण्याची शक्यता नगण्य होती. आपण सवयीने २ घेतो, आणि या संख्येसाठी नेमका तोच फसव्यांमधला निघतो.

पाया ३ घेऊन पाहू. वर्ग करत जायचं: ३, ९, ८१, ६५६१, ४३०४६७२१. इथपर्यंत सगळं स पेक्षा लहान आहे. पुढचा वर्ग १८५३०२०१८८८५१८४१. याची बाकी काढायला मोठा भागाकार करावा लागत नाही. २^३२ च्या जागी −१ चालतो, म्हणून संख्येचे ‘२^३२ च्या पटी’ आणि ‘उरलेलं’ असे दोन तुकडे करायचे आणि दुसऱ्यातून पहिला वजा करायचा. इथे ती ४३१४३९ × २^३२ + ३७९३६३२८९७ आहे. बाकी ३७९३६३२८९७ − ४३१४३९ = ३७९३२०१४५८. असंच पुढे जात राहिलं की एकतिसाव्या वर्गाला बाकी १०३२४३०३ येते आणि बत्तिसाव्या, म्हणजे शेवटच्या वर्गाला ३०२९०२६१६०. शेवटची पायरी तपासून घ्या: १०३२४३०३ चा वर्ग १०६५९१२३२४३५८०९, आणि तो २४८१७ × स + ३०२९०२६१६० इतका भरतो. बाकी १ नाही. स संयुक्त आहे हे इथे सिद्ध झालं, तेही एकही अवयव न सापडता.

फर्माच्या संख्यांसाठी पाया ३ ची कसोटी दोन्ही बाजूंनी पक्की आहे. पेपँ या फ्रेंच गणितज्ञाच्या १८७७ मधल्या निकालावरून मिळतं की ५ पासून पुढची फर्मा संख्या मूळ असेल तर आणि तरच एक पायरी आधी, म्हणजे आपल्याकडे एकतिसाव्या वर्गाला, बाकी −१ येते. आपल्याकडे तिथे १०३२४३०३ आला. बत्तीस वर्ग आणि तितक्याच वजाबाक्या हे काम हाताने, चिकाटीने, सतराव्या शतकातही होण्यासारखं होतं. सिद्धान्त फर्माचा स्वतःचा होता. त्याने हा हिशोब केला असता तर त्याचा अंदाज त्याच्याच हातून निकालात निघाला असता, याची मला आजही हळहळ वाटते.

प्रोग्रॅमबद्दल एक सूचना इथेच देतो, कारण ही संख्या संगणकावर मुद्दाम त्रास देणारी आहे. ३२ बिटच्या चिन्हरहित पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या ४२९४९६७२९५. स तिच्याहून फक्त २ ने मोठी आहे, म्हणून ३२ बिटमध्ये साठवली की तिची जागा १ घेतो आणि प्रोग्रॅम बिनबोभाट १ चे अवयव पाडत बसतो. ६४ बिटमध्ये स मावते, पण वर्ग करताना अडते. २^३२ चा वर्ग २^६४, तो ६४ बिटमध्ये ० होतो. म्हणजे पाया २ च्या कसोटीत बाकी काढण्याआधीच ओव्हरफ्लो झाला तर १ ऐवजी ० मिळेल आणि प्रोग्रॅम ‘संयुक्त’ असं छापेल. उत्तर योग्य, कारण साफ चुकीचं. असा प्रोग्रॅम पुढच्या संख्येला दगा देतो. गुणाकारासाठी १२८ बिटचा पूर्णांक किंवा मोठ्या पूर्णांकांची सोय असलेली भाषा वापरा. आणि मिलर-राबिन लावायची असेल तर एकट्या २ वर थांबू नका. २, ३, ५, ७ हे चार पाये ३२१५०३१७५१ या संख्येपाशी पहिल्यांदा फसतात, आणि ती स पेक्षा लहान आहे. ११ धरून पाच पाये घेतले तर २१५२३०२८९८७४७ च्या आतल्या सगळ्या संख्यांसाठी निकाल पक्का असतो. ६४ बिटपर्यंतच्या कोणत्याही संख्येसाठी ३७ पर्यंतचे सगळे मूळ पाये पुरतात.

आता मला सर्वांत आवडणारा भाग: ६४१ शोधायचा कसा?

सरळ भागाकार करायचा तर २, ३, ५, ७ असं एकेका मूळ संख्येने भागत जायचं. ६४१ ही ११६ वी मूळ संख्या आहे, म्हणजे ११५ वेळा निराशा आणि मग यश. तोवर आपल्याला अर्थातच माहीत नसतं की यश कधी येणार. स चं वर्गमूळ ६५५३६ च्या किंचित पुढे आहे आणि तिथपर्यंत ६५४२ मूळ संख्या आहेत. संख्या मूळ निघाली असती तर सगळ्या तपासाव्या लागल्या असत्या.

ऑयलरने हे काम कसं कमी केलं ते पाहा. समजा प हा स चा मूळ अवयव आहे. मग प ने भागल्यावरही २^३२ ची बाकी −१ आणि २^६४ ची १. २ चे घात करत गेलं तर पहिल्यांदा १ कितव्या घाताला येतो? ती पायरी ६४ ची विभाजक असायला हवी. आणि ६४ सोडून ६४ चा प्रत्येक विभाजक ३२ लाही भागतो, त्यामुळे ती ६४ पेक्षा लहान असती तर २^३२ ची बाकी १ आली असती, −१ नव्हे. म्हणजे पहिली पायरी ६४ च. फर्माचा सिद्धान्त म्हणतो की प − १ व्या घातालाही १ येतो. तेव्हा प − १ ला ६४ ने भाग जायलाच हवा. स चा प्रत्येक मूळ अवयव ६४ची पट अधिक १ असाच असणार.

अशा संख्या ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१... यांतल्या मूळ तेवढ्या ठेवा: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला ऑयलरचं काम झालं.

१८७८ मध्ये ल्यूकाने यात आणखी एक पाऊल टाकलं. ६४ च्या जागी १२८ घेता येतो. याचं कारण आपल्या संख्येत उघड दाखवता येतं. २५६ × ६५५३५ = १६७७६९६० ही संख्या घ्या. तिचा वर्ग २^१६ × (२^३२ − २^१७ + १). कंसात २^३२ + १ आहे, तो स ने भागला की ० झाला. उरलं −२^३३, म्हणजे −२ × २^३२, म्हणजे २. थोडक्यात, स च्या बाक्यांच्या जगात १६७७६९६० हे २ चं वर्गमूळ आहे. २ ला १ वर यायला ६४ पायऱ्या लागतात, तर त्याच्या वर्गमूळाला १२८. म्हणून प − १ ला १२८ ने भाग जातो. आता यादी अशी: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. मूळ फक्त २५७ आणि ६४१.

आणि २५७ ला भागून पाहण्याचीही गरज नाही. फर्माच्या संख्यांचा एक देखणा नियम आहे: ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ = ४२९४९६७२९५ = स − २. आधीच्या सगळ्यांचा गुणाकार पुढचीपेक्षा बरोबर २ ने कमी. त्यामुळे या पाचांपैकी कशानेही स ला भागलं तर बाकी २ च उरते. हाच नियम वापरून गोल्डबाखने १७३० मध्ये ऑयलरला लिहिलं होतं की फर्माच्या कोणत्याही दोन संख्यांना १ सोडून सामाईक विभाजक नसतो, आणि त्यावरून मूळ संख्या अगणित आहेत हेही निघतं. आपल्यापुरतं एवढंच की २५७ बाद. पहिलाच करण्याजोगा भागाकार ६४१ चा, आणि तो लागू पडतो. ११६ वरून ५, ५ वरून १: संख्येची बांधणी ओळखण्याचा फायदा याहून स्पष्ट मला इतरत्र दाखवता येत नाही.

दुसरा अवयव ६७००४१७ मूळ आहे का? तीच चाळणी इथेही चालते, कारण त्याचा अवयव हा स चाही अवयव. वर्गमूळ २५८८ च्या जवळ. तिथपर्यंत १२८ ची पट अधिक १ अशा मूळ संख्या २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ एवढ्याच. २५७ आधीच बाद. ६४१ ने भागलं तर बाकी ४४, ७६९ ने १२०, ११५३ ने ३३४, १४०९ ने ६२२. चार भागाकारांत सदुसष्ट लाखांची संख्या मूळ ठरली.

६४१ ने भाग जातो हे तोंडीही सिद्ध करता येतं. ६४१ = ५ × २^७ + १, आणि ६४१ = ५^४ + २^४. पहिल्यावरून ५ × २^७ ची बाकी −१. चौथा घात केला की ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवा. मिळालं −२^३२ ची बाकी १, म्हणजे २^३२ + १ ला ६४१ ने पूर्ण भाग. अर्थात ६४१ आधी सापडल्यावर ही सिद्धता सुचते. शोधायला तिचा उपयोग नाही.

शोधण्यासाठी मात्र आणखी एक सुंदर वाट आहे, वर्गांच्या बेरजेची. स = ६५५३६² + १² हे तर रूपातच दिसतं. ४ ने भागून १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेने एकाच प्रकारे लिहिता येते. म्हणून दुसरा प्रकार सापडला तर संख्या संयुक्त. आणि तो आहे: स = ६२२६४² + २०४४९². (२०४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग आहे, त्यामुळे स = ६२२६४² + १४३^४ असंही लिहिता येतं.) वर्ग करून पाहा: ३८७६८०५६९६ + ४१८१६१६०१.

दोन प्रकार हाती आले की अवयव आपोआप बाहेर पडतात. ही रीत ऑयलरचीच. सम संख्यांची वजाबाकी ६५५३६ − ६२२६४ = ३२७२, विषम संख्यांची २०४४९ − १ = २०४४८; यांचा मसावि ८. बेरजा १२७८०० आणि २०४५०; यांचा मसावि ५०. दोन्ही मसावि निम्मे करा: ४ आणि २५. वर्गांची बेरीज १६ + ६२५ = ६४१. आणि ३२७२ ला ८ ने भागून ४०९, २०४४८ ला ८ ने भागून २५५६; यांच्या वर्गांची बेरीज १६७२८१ + ६५३३१३६ = ६७००४१७. दोन्ही अवयव, आणि दोन्ही स्वतः वर्गांच्या बेरजेच्या रूपात. पहिल्यांदा हे करून पाहाल तेव्हा प्रत्येक आकडा स्वतः लिहा. ६४१ बाहेर येतानाचा तो क्षण कॅल्क्युलेटरवर अनुभवता येत नाही. दोन वर्गांचे असे प्रकार स ला दोनच आहेत, कारण तिचे मूळ अवयव दोन, वेगवेगळे आणि दोघेही ४ ने भागून १ उरणारे.

अवयव मिळाल्यावरचे ठरावीक गुणधर्म भराभर सांगतो. विभाजक चार: १, ६४१, ६७००४१७ आणि स. त्यांची बेरीज ४३०१६६८३५६. स्वतःला सोडून उरलेल्यांची बेरीज ६७०१०५९, म्हणजे स पेक्षा खूपच लहान; संख्या न्यून प्रकारची. स पेक्षा लहान आणि तिच्याशी सामाईक अवयव नसलेल्या संख्या ६४० × ६७००४१६ = ४२८८२६६२४०. आणि अशा कोणत्याही पायाला हमखास १ वर आणणारा सर्वांत लहान घातांक म्हणजे ६४० आणि ६७००४१६ यांचा लसावि, ३३५०२०८०.

यातल्या ४२८८२६६२४० या संख्येला भूमितीत मोठं वजन आहे. गाउसने १७९६ मध्ये दाखवलं की फक्त कंपास आणि पट्टी वापरून सुसम सतरा बाजूंची आकृती काढता येते. कोणत्या सुसम बहुभुजाकृती अशा काढता येतात याचा नियमही त्याने दिला, आणि त्याखेरीज इतर जमत नाहीत याची सिद्धता १८३७ मध्ये वान्त्झेलने मांडली. बाजूंची संख्या विषम असेल तर ती वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार असायला हवी, म्हणजेच वरची ‘सामाईक अवयव नसलेल्यां’ची मोजणी २ चा घात निघायला हवी. स मूळ असती तर ती मोजणी २^३२ आली असती आणि स बाजूंची आकृती तत्त्वतः काढता आली असती. ६४१ मुळे तो दरवाजा बंद झाला, कारण ६४० मध्ये ५ शिरला आणि ६७००४१६ मध्ये ३ आणि १७४४९. आज माहीत असलेल्या पाच फर्मा मूळ संख्यांपासून विषम बाजूंच्या ३१ आकृती मिळतात आणि त्यांतली सर्वांत मोठी ४२९४९६७२९५ बाजूंची. स पासून दोन पावलांवर, आणि ३२ बिटची वरची मर्यादाही तीच.

६४१ चा आणखी एक गुण जाता जाता. १०^१६ ला ६४१ ने भागल्यावर बाकी −१ येते, म्हणून १/६४१ चा दशांश विस्तार ३२ अंकांनी पुन्हा सुरू होतो: ०.००१५६००६२४०२४९६०९९८४३९९३७५९७५०३९... पहिले सोळा अंक आणि पुढचे सोळा अंक एकाखाली एक लिहून बेरीज करा, सोळा नऊ मिळतील.

मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याच्या इतर रीतींपुढे ही संख्या कशी वागते हेही पाहण्यासारखं आहे. फर्माची स्वतःची रीत दोन वर्गांच्या वजाबाकीची. ती वर्गमूळापासून सुरू करून एकेक पुढे जाते. स = ३३५०५२९² − ३३४९८८८², म्हणजे ६५५३७ पासून निघून तब्बल ३२८४९९२ पावलं. दोन अवयव आकाराने जवळ असतील तरच ती चांगली, आणि इथे एक दुसऱ्याच्या दहा हजार पट आहे. उलट पोलार्डची १९७४ ची ‘प − १’ रीत (मूळ अवयव प मधून १ वजा करून येणाऱ्या संख्येचे अवयव छोटे असतील तेव्हा चालणारी) इथे पहिल्याच झटक्यात यश देते, कारण ६४० = २^७ × ५, सगळे अवयव छोटे. ३^६४० − १ आणि स यांचा मसावि काढा, ६४१ मिळेल. पण तिथेही पाया २ घेतलात तर पुन्हा पदरी काही नाही: २^६४० − १ ला दोन्ही अवयवांनी भाग जातो, मसावि पूर्ण स येतो आणि संख्या फुटतच नाही. म्हणून २^क + १ किंवा २^क − १ अशा रूपाच्या संख्या हाताळताना माझा पहिला नियम ठरलेला आहे: कसोटी असो वा अवयव पाडणं, पाया २ घ्यायचा नाही.

पुढची फर्मा संख्या २^६४ + १ = १८४४६७४४०७३७०९५५१६१७ तुम्ही स्वतः करून पाहा. पाया २ इथेही ‘मूळ’ म्हणेल. अवयव २५६ची पट अधिक १ असे शोधा; लाँद्रीने १८८० मध्ये काढलेला २७४१७७ तुम्हाला १०७१ व्या पटीला भेटेल आणि सोबतचा अवयव ६७२८०४२१३१०७२१ असेल. २७४१७६ = २५६ × ९ × ७ × १७, म्हणून पाया ३ घेऊन ‘प − १’ रीतही चालेल. सगळेच वर्ग-गुणाकार १२८ बिटमध्ये मावतात असं मात्र गृहीत धरू नका: ही संख्या ६५ बिटची आहे, दोन बाक्यांचा गुणाकार १२८ बिटच्याही बाहेर जाऊ शकतो.